नर कोणता, मादी कोणती? : पिल्ले देणाऱ्या माशांवरील एक पाठ

स्मरणिकेसाठी लेख द्यावा, असे संपादक मंडळाने सुचविले तेव्हा आमच्याकडून एखादा ऐतिहासिक विषय अपेक्षित असणार, हे उघड होते. आयुष्याची तीस वर्षे आम्ही इतिहासच शिकवीत आलो आहोत. तथापि या शाळेत आम्हांला जो धडा सर्वांत महाग पडला आणि म्हणूनच सर्वांत पक्का लक्षात राहिला, तो वसतिगृहाच्या हौदातील बोटभर माशांनी दिलेला आहे. माजी विद्यार्थ्यांपैकी अनेकांना तो हौद आठवत असेल. त्याच हौदाच्या निमित्ताने हा पाठ आम्ही वाचकांपुढे ठेवीत आहोत.

आमची चूक

काही वर्षांपूर्वी आरोग्यसेवकांनी आमच्या हौदात गप्पी मासे सोडले. महाराष्ट्रातील खेड्यापाड्यांत आणि नगरपालिकांच्या हद्दीत हे मासे डासांच्या अळ्या खाण्यासाठी वाटले जातात, हे वाचकांना ठाऊक आहेच. रोनाल्ड रॉस यांना २० ऑगस्ट १८९७ रोजी सिकंदराबाद येथे डासाच्या जठरात हिवतापाचा परजीवी दिसला आणि तेव्हापासून डासाविरुद्धची लढाई साठलेल्या पाण्यापाशी येऊन ठेपली. डेंग्यू पसरविणारा एडिस डास तर घरातील स्वच्छ साठवणीच्या पाण्यातच अंडी घालतो. अशा पाण्यात औषध टाकणे नेहमीच शक्य नसते. मासा मात्र तेथे दिवसरात्र राबतो. त्या वर्षी आमच्या हौदात अळी दिसेनाशी झाली.

पुढच्या उन्हाळ्यात हौद घासून काढावयाचा होता. मासे तात्पुरते काचेच्या टाकीत ठेवण्याचे ठरले. टाकी लहान, मासे पुष्कळ. मुलांनी विचारले, "सर, कोणते ठेवायचे?" आम्ही सहज बोलून गेलो, "चांगले चांगले निवडा." मुलांनी शेपटीवर निळे, नारिंगी, काळे ठिपके असलेले वीस देखणे मासे निवडले. उरलेले राखाडी, बेढब, पोट सुटलेले मासे बादलीत भरून जवळच्या ओढ्यात सोडून देण्यात आले. पावसाळ्यात ते वीस मासे पुन्हा हौदात सोडले आणि त्यांची संख्या वाढण्याची वाट पाहत आम्ही निश्चिंत झालो.

संख्या वाढली नाही. काही मासे हौद भरून वाहिला तेव्हा वाहून गेले, काही मेले. दिवाळीच्या सुमारास चार-पाच उरले आणि पाण्यात अळ्या वळवळू लागल्या. वसतिगृहात तापाची साथ आली, काही मुलांना रुग्णालयात ठेवावे लागले. सारी मुले सुखरूप परत आली. परंतु त्या दिवसांत पालकांच्या चेहऱ्याकडे पाहणे आम्हांला कठीण गेले.

त्याच सुमारास सातवीतील एक मुलगी हौदाच्या कठड्यावर वाकून उभी होती. तिने विचारले, "सर, यांच्यात आई कोण आहे?"

आम्हांला उत्तर देता आले नाही. उत्तर असे होते, की त्यांच्यात आई कोणीच नव्हती. आम्ही 'चांगले' म्हणून निवडलेले वीसच्या वीस मासे नर होते.

हे मासे कोण?

बहुतेक मासे अंडी घालतात. काही थोड्या कुळांतील माद्या मात्र अंडी पोटातच ठेवतात, ती तेथेच फुटतात आणि पोहती पिल्ले बाहेर येतात. अशा प्राण्यांस शास्त्रात अंडजरायुज म्हणतात. छंदिष्ट लोक त्यांना सरळ 'पिल्ले देणारे मासे' म्हणतात. दुकानांतून मिळणारे गप्पी, मॉली, प्लॅटी आणि स्वोर्डटेल हे चार मासे या गटातील असून चौघेही पोसिलिडी या एकाच कुळातील आहेत. चौघेही मूळचे अमेरिका खंडातील. गप्पीचे माहेर त्रिनिदाद, व्हेनेझुएला व त्या लगतचा दक्षिण अमेरिकेचा उत्तर किनारा. प्लॅटी आणि स्वोर्डटेल मेक्सिको व मध्य अमेरिकेतील.

'गप्पी' हे नाव मराठी कानाला गप्पांच्या कुळातले वाटते. प्रत्यक्षात ते एका माणसाचे आडनाव आहे. त्रिनिदादमधील निसर्गअभ्यासक रॉबर्ट जॉन लेचमेअर गप्पी यांनी या माशाचे नमुने लंडनच्या ब्रिटिश म्युझियमकडे पाठविले आणि १८६६ मध्ये तेथील अल्बर्ट गुंथर यांनी त्यांच्या नावावरून माशाचे नामकरण केले. पुढे आढळले, की विल्हेल्म पीटर्स यांनी १८५९ मध्येच या माशाचे वर्णन प्रसिद्ध केले होते. त्यामुळे पीटर्स यांनी दिलेले 'रेटिक्युलाटा' हे नाव शास्त्रात राहिले आणि गप्पी यांचे नाव लोकांच्या तोंडी राहिले.

प्राथमिक साधन : गुदपक्ष

इतिहासाच्या अभ्यासात आपण साधनांची प्रतवारी लावतो. शिलालेख, ताम्रपट हे प्राथमिक साधन. नंतरच्या काळातील ऐकीव वृत्तान्त हे दुय्यम. दुय्यम साधन टाकाऊ नसते, परंतु दोहोंत विरोध आला तर प्राथमिक साधनाचे म्हणणे मानावे लागते. माशांच्या बाबतीतही आम्ही मुलांना हाच नियम घालून दिला आहे. येथे प्राथमिक साधन एकच : गुदपक्ष.

माशाच्या पोटाखाली, गुदद्वाराच्या लगेच मागे जो एकटा पर असतो, तो गुदपक्ष. मादीमध्ये तो उघडलेल्या पंख्यासारखा, त्रिकोणी व रुंद असतो. वयात आलेल्या नरामध्ये त्याच पराच्या तिसऱ्या, चौथ्या व पाचव्या अरा लांब व जाड होऊन त्याची एक निमुळती काडी तयार होते. तिला गोनोपोडियम म्हणतात. नर पोहताना ती सहसा पोटाला समांतर, मागे वळवून ठेवतो. मिलनाच्या वेळी ती पुढे वळवून तिच्याद्वारे शुक्राणू मादीच्या शरीरात सोडतो. पिल्ले पोटात वाढावयाची, तर फलनही पोटातच व्हावयास हवे. त्यासाठी ही रचना आहे. म्हणूनच ही खूण चौघांतही सारखी लागू पडते. रंग, आकार, शेपूट यांत जातीगणिक फरक पडतो. या खुणेत पडत नाही.

पाहण्याची रीत अशी. मासा हातात धरू नये. काचेच्या स्वच्छ बरणीत टाकीतलेच पाणी घेऊन त्यात मासा अलगद सोडावा. बरणी डोळ्यांच्या पातळीवर ठेवावी. वरून पाहिल्यास गुदपक्ष दिसत नाही आणि हौदावर वाकून पाहणाऱ्यांची फसगत होते ती याचमुळे. उजेड बाजूने येऊ द्यावा. मासा घाबरला की पर मिटून घेतो, तेव्हा दोन-तीन मिनिटे थांबावे. पर उघडून पंखा दिसला तर मादी. पर उघडतच नसेल आणि काडीसारखाच राहत असेल तर नर. लहान माशांसाठी भिंग वापरावे. एकदा पाहून निर्णय देऊ नये. दोघांनी स्वतंत्रपणे पाहावे आणि मते जुळली तरच वहीत नोंद करावी.

दुय्यम साधने

दुसरी खूण गर्भठिपक्याची. मादीच्या पोटाच्या मागच्या भागात, गुदपक्षाच्या किंचित वर एक गडद डाग दिसतो. गर्भ वाढू लागला की तो अधिक काळा व मोठा दिसतो. गप्पीमध्ये ही खूण फार उपयोगी आहे. काळ्या मॉलीमध्ये मात्र अंगच काळे असल्याने ती दिसतच नाही.

तिसरी खूण बांध्याची. मादी आकाराने मोठी व पोटाकडे गोलाकार असते. गप्पीचा नर साधारण तीन सेंटिमीटरचा, तर मादी पाच ते सहा सेंटिमीटरपर्यंत वाढते. परंतु नुकतीच व्यालेली मादी सडपातळ दिसते आणि भरपूर खाल्लेला नर फुगीर दिसतो, हे विसरू नये.

चौथी खूण रंगाची व परांची. येथे प्रत्येक माशाचे वेगळे आहे. गप्पीमध्ये नर रंगीबेरंगी, मोठ्या शेपटीचा; मादी राखाडी. दुकानांतील निवडक पैदाशीच्या माद्यांच्या शेपटीवरही हल्ली रंग असतो, हे लक्षात ठेवावे. स्वोर्डटेलमध्ये वयात आलेल्या नराच्या शेपटीचा खालचा भाग तलवारीसारखा लांब वाढतो. शिडासारख्या पृष्ठपक्षाच्या मॉलीमध्ये नराचा पाठीवरचा पर उंच व रुंद असतो, मादीचा आखूड. प्लॅटीमध्ये मात्र नर-मादी दोघेही सारखेच लाल, पिवळे किंवा निळे असतात. रंगावर विसंबणारा मनुष्य तेथे हमखास चुकतो आणि त्याला गुदपक्षाकडेच परतावे लागते.

पाचवी खूण वर्तनाची. नर सतत मादीच्या मागे असतो, तिच्यासमोर पर पसरून अंग थरथरवितो. परंतु नर नराचाही पाठलाग करतो. केवळ वर्तनावरून निर्णय देऊ नये.

स्वोर्डटेलच्या बाबतीत एक समज दीर्घकाळ रूढ होता. मादी म्हणून पाळलेल्या माशाला पुढे तलवार फुटते, तेव्हा मादीचाच नर होतो, असे छंदिष्ट मंडळी सांगत असत. पुढील अभ्यासातून दिसले, की अशी बहुतेक उदाहरणे उशिरा वयात येणाऱ्या नरांची असतात. काही नर लवकर, लहान असतानाच वयात येतात; काही बराच काळ वाढत राहतात आणि मग त्यांना नराची लक्षणे येतात. तोवर ते मादीसारखे दिसतात. पुरावा अपुरा असताना काढलेला निष्कर्ष कसा रूढ होऊन बसतो, याचे हे उत्तम उदाहरण होय.

वयाचा प्रश्न

जन्मलेले पिल्लू सहा ते आठ मिलिमीटरचे असते. त्या वयात नर-मादी ओळखण्याचा हट्ट धरू नये. सर्वांचा गुदपक्ष सारखाच असतो. गप्पीमध्ये साधारण तीन ते चार आठवड्यांनी फरक दिसू लागतो : माद्यांमध्ये गर्भठिपका उमटतो, नरांचा गुदपक्ष निमुळता होऊ लागतो. रंग त्यानंतर भरतात. ज्यांना पैदास आवरावयाची आहे, त्यांनी याच वेळी नर व माद्या वेगवेगळ्या टाक्यांत ठेवाव्यात. उशीर केल्यास उपयोग नाही, कारण मादी एकदा घेतलेले शुक्राणू शरीरात काही महिने साठवून ठेवू शकते आणि त्यांच्या बळावर, पुन्हा नराची गाठ न पडता, अनेक वेळा पिल्ले देऊ शकते. सुमारे चार आठवड्यांनी एक वेत होते आणि मोठी मादी एका वेळी पन्नासच्या आसपास पिल्ले देऊ शकते.

आमच्या चुकीचे पूर्ण माप येथे कळते. वीस नर हौदात सोडले तर हौद रिकामा होतो. एकच साधी, राखाडी, भरल्या पोटाची मादी सोडली तर काही महिन्यांत तो माशांनी भरतो. आम्ही मुलांना 'चांगले निवडा' असे सांगितले, परंतु कशासाठी चांगले, हे सांगितले नव्हते. हौदाला आरास नको होती. त्याला पुढची पिढी हवी होती.

नर देखणा का?

मग हे सारे रंग नरालाच का? त्रिनिदादच्या ओढ्यांत जॉन एंडलर यांनी याचा शोध घेतला. १९८० मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या कामातून दिसले, की जेथे गप्पीला खाणारे मोठे मासे आहेत तेथे नरांचे रंग फिके पडतात, आणि जेथे असे शत्रू नाहीत तेथे काही पिढ्यांतच ते भडक होतात. मादी भडक नराकडे अधिक आकृष्ट होते, म्हणून रंग वाढतो. शिकारी मासा भडक नराला आधी टिपतो, म्हणून रंग घटतो. या दोन ओढींच्या मध्ये नराचा रंग ठरतो. म्हणजे ज्या सौंदर्याला आम्ही भुललो, ते मादीने पिढ्यानपिढ्या केलेल्या निवडीतून घडलेले आहे. जिला आम्ही बादलीत भरून ओढ्यात टाकले, तीच त्या रंगांची पारखी होती.

पिल्लू नर होते ते कोणामुळे?

या प्रश्नाचे उत्तर शोधण्यातही गप्पीचा वाटा आहे. ईल माशांच्या जन्मस्थानाचा शोध घेणारे डॅनिश शास्त्रज्ञ योहानेस श्मिट यांनी १९२० मध्ये दाखविले, की गप्पीच्या पाठीवरील पराचा एक काळा ठिपका बापाकडून केवळ मुलांकडे जातो. १९२२ मध्ये त्यांचेच देशबंधू ओयविंद विंगे यांनी त्याचा उलगडा केला : हा गुण वाय गुणसूत्रावर बसलेला आहे. गप्पीच्या मादीत दोन एक्स गुणसूत्रे असतात, नरात एक एक्स व एक वाय. आईकडून प्रत्येक पिल्लाला एक्सच मिळते. बापाकडून एक्स आले तर मादी, वाय आले तर नर. प्लॅटीमध्ये हे गणित अधिक गुंतागुंतीचे आहे, परंतु गप्पीत ते माणसासारखेच आहे.

हा भाग आम्ही वर्गात शिकवितो तेव्हा मुली एकदम शांत होतात. त्यांच्यापैकी काहींनी घरात आईला 'मुलीच होतात' म्हणून बोल लावलेला ऐकलेला असतो. आई प्रत्येक अपत्याला एक्सच देते, तिच्याकडे दुसरे काही नसते; हे वाक्य त्या वहीत लिहून घेतात आणि काही जणी ते घरी वाचून दाखवितात. महाराष्ट्राने गर्भलिंगचाचणीच्या गैरवापराविरुद्ध १९८८ मध्ये, देशात सर्वप्रथम, कायदा केला. केंद्राचा कायदा १९९४ मध्ये आला. तरीही आपल्या राज्यात सहा वर्षांखालील दर हजार मुलग्यांमागे मुलींची संख्या १९९१ मध्ये ९४६, २००१ मध्ये ९१३ आणि २०११ मध्ये ८९४ अशी घसरत गेली. नर-मादी ओळखता येणे हे ज्ञान आहे. ते ओळखून एकाला टाकून देणे हा अपराध आहे. हौदापाशी आम्ही तो अजाणता केला. समाजात तो जाणूनबुजून होतो.

निसर्गाचे एक कोडेही येथे नोंदवून ठेवतो. टेक्सास आणि ईशान्य मेक्सिकोत 'ॲमेझॉन मॉली' नावाचा मासा आहे. १९३२ मध्ये शास्त्रज्ञांनी जाहीर केले, की या जातीत सगळ्या माद्याच असतात. तिला जवळच्या जातीच्या नराशी मिलन करावे लागते, परंतु त्याचा गुणवारसा पिल्लांत सहसा उतरत नाही. मुली आईच्याच प्रतिकृती असतात.

पाळणाऱ्यांसाठी सूचना

एका नरामागे दोन ते तीन माद्या ठेवाव्यात. नर अधिक झाल्यास माद्यांना पाठलागामुळे उसंत मिळत नाही. नळाचे पाणी एक दिवस उघडे ठेवून मगच वापरावे, म्हणजे त्यातील क्लोरीन उडून जाते. टाकीत हायड्रिलासारख्या पाणवनस्पती दाट लावाव्यात, कारण मोठे मासे, प्रसंगी स्वतः आईसुद्धा, पिल्ले खातात. हौद धुताना माद्या आधी मोजून बाजूला काढाव्यात.

आणि सर्वांत महत्त्वाचे : हे मासे नदी, ओढा, तळे यांत कधीही सोडू नयेत. ते परदेशी आहेत, झपाट्याने वाढतात आणि देशी माशांच्या अन्नावर व पिल्लांवर ताण आणतात. त्यांची जागा बंदिस्त हौद, टाकी, कारंजे यांतच आहे. त्या उन्हाळ्यात आम्ही ओढ्यात रिकामी केलेली बादली ही आमची दुसरी चूक होती आणि ती दुरुस्त करता आलेली नाही.

हौदाची आजची स्थिती

दिवाळीच्या सुट्टीनंतर ती सातवीतील मुलगी परतली तेव्हा तिच्या हातात पाण्याची प्लॅस्टिकची बाटली होती. तिच्या गावातील गुरांच्या हौदातून तिने दोन मासे आणले होते. राखाडी, बेढब, पोट सुटलेले. तिने बाटली उजेडात धरून आम्हांला गुदपक्ष दाखविला : उघडलेला पंखा. म्हणाली, "सर, या दोघी आया आहेत." तीन आठवड्यांनी हौदाच्या कडेला, शेवाळाच्या आडोशाने, सुईच्या टोकाएवढे डोळे असलेली पिल्ले दिसली. पुढील पावसाळ्यापर्यंत हौद पुन्हा माशांनी भरला.

तेव्हापासून दर वर्षी उन्हाळ्यात सातवीचा वर्ग हौदाची गणना करतो. बरणी, भिंग आणि वही घेऊन मुले-मुली जोडीने बसतात. एक पाहतो, दुसरी पाहते, मते जुळली की नोंद होते. माद्यांचा रकाना आधी लिहावयाचा, असा नियम मुलांनीच केला आहे.

माजी विद्यार्थ्यांनी व पालकांनी शाळेत यावे तेव्हा हौदापाशी अवश्य थांबावे. घरच्या टाकीसाठी किंवा पिंपासाठी मासे हवे असल्यास मुले आनंदाने देतील. मात्र निवडताना घाई करू नये. आधी बरणी डोळ्यांसमोर धरावी, मासा स्थिर होऊ द्यावा आणि पर उघडेपर्यंत वाट पाहावी.